आधी वाचक, मग पुस्तक: मेळघाटातल्या एका कोरकू शिक्षक-लेखकाचे प्रकरण

हे प्रकरण मेळघाटातल्या एका जिल्हा परिषद शाळेतले आहे. शिक्षक स्वतः कोरकू आहेत आणि कोरकूत लिहितात. त्यांच्या काही पुस्तिका आणि एक कथासंग्रह छापून झाला आहे. त्यांच्या संमतीने हे लिहीत असलो तरी त्यांचे, गावाचे आणि प्रकाशकाचे नाव गाळले आहे, आणि ओळख पटेल असे तपशील सैल ठेवले आहेत. पुढे त्यांना गुरुजी म्हटले आहे, कारण गावही त्यांना तसेच हाक मारते. माझा संबंध वाचनसाहित्याच्या संपादनाच्या निमित्ताने आला आणि नंतर बरीच वर्षे टिकला.

आदिवासी भाषेत लिहिणाऱ्यांचे कौतुक आपल्याकडे सत्काराच्या शालीपाशी थांबते. गुरुजींचे काम त्याहून अवघड होते. ज्या भाषेत लिहायचे, ती बोलणारे भरपूर, पण ती वाचणारे जवळजवळ कोणीच नाही. त्यामुळे लेखक व्हायचे तर वाचक आधी घडवावे लागणार होते, आणि ते पहिलीच्या वर्गातच घडवता येणार होते. या एका गोष्टीमुळे शिक्षक म्हणून घेतलेल्या त्यांच्या प्रत्येक निर्णयाचा परिणाम त्यांच्यातल्या लेखकावर होत गेला, आणि उलटही.

पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. इथल्या बहुतेक गावांची घरातली भाषा कोरकू. राज्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर, खंडवा, बैतूल, हरदा, छिंदवाडा या भागांत कोरकू बोलणारे महाराष्ट्रापेक्षा जास्त आहेत. 2011च्या जनगणनेत देशभर सुमारे 7 लाख 27 हजार लोकांनी कोरकू ही मातृभाषा नोंदवली. ही मुंडा कुळातली भाषा, संथाली आणि मुंडारीची नातलग, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची. मराठीशी किंवा हिंदीशी तिचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, मुंडा कुळातली फक्त संथाली आहे. ती 2003च्या घटनादुरुस्तीने तिथे आली. कोरकू तिथे नाही.

गुरुजी आश्रमशाळेत शिकले. तिथे वसतिगृहात कोरकू बोलले की दंड बसत असे. दंड म्हणजे अंगण झाडणे. ते म्हणतात की त्यांना झाडण्याचे काही वाटले नाही, पण आई भेटायला आली की ते तिच्याशी दबक्या आवाजात बोलत, आणि त्याचे मात्र वाटत राहिले. पुढे डीएड झाले, शिक्षणसेवक म्हणून लागले आणि काही वर्षांनी स्वतःच्या गावापासून जवळच्या शाळेत आले. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी.

लिहायचे ते आधीपासून, पण मराठीत. कविता लिहीत, तालुक्याच्या कविसंमेलनात वाचत, टाळ्या मिळत. घरी मात्र त्यांचे लिहिलेले कोणाला समजत नसे. वडिलांना त्यांनी एकदा वडिलांवरचीच कविता वाचून दाखवली आणि मग प्रत्येक ओळ कोरकूत सांगावी लागली. तेव्हापासून कोरकूत लिहायचे डोक्यात होते. लिहिले तर वाचणार कोण, या प्रश्नावर ते अडून राहत.

अडचण नेमकी कुठे होती

शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांना जे दिसले ते मेळघाटातल्या कोणत्याही शिक्षकाला ओळखीचे आहे. दुसरीतली एक मुलगी मराठीचा धडा खाडखाड वाचत होती, बोट ओळीखालून सरकत होते, उच्चार स्वच्छ. गुरुजींनी विचारले, धड्यात कोणता प्राणी आला? ती गप्प. त्यांनी तोच प्रश्न कोरकूत विचारला. तरी ती गप्पच, कारण प्रश्न कळला होता, पण वाचलेल्यातून तिच्यापर्यंत काही पोचलेच नव्हते. तिने अक्षरांचे आवाज केले होते. मग त्यांनी पुस्तक मिटायला सांगितले आणि विचारले, काल रानात काय झाले? ती बोलायला लागली. मोहाच्या झाडाखाली कुत्रा कसा भुंकायला लागला, काकाने काठी कशी आपटली, शेवटी काय निघाले, सगळे हातवारे करून सांगितले. गुरुजींनी त्यातली चार वाक्ये तिच्याच शब्दांत, देवनागरीत, फळ्यावर लिहिली. ती फळ्यापाशी आली, वाचली आणि दुसऱ्या ओळीवर हसली. तिथे कुत्रा होता.

त्या वर्गात याआधी वाचताना कोणी हसल्याचे त्यांना आठवत नव्हते.

दुसरी अडचण मुलांच्या मराठीबद्दल होती, आणि तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. कोरकू मुले मराठी बोलताना 'आई आला', 'बैल आली' म्हणतात. बाहेरून आलेले शिक्षक, तपासणीला आलेले साहेब यावर हसतात आणि मुले गप्प होतात. पण कोरकूत पुल्लिंग-स्त्रीलिंगाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. तिथे भेद आहे तो सजीव आणि निर्जीव यांच्यात. उलट जे मराठीत नाही ते कोरकूत आहे. सिता म्हणजे कुत्रा, सिताकिंग म्हणजे दोन कुत्रे, सिताकू म्हणजे दोनाहून जास्त. एक, दोन आणि अनेक असा भेद हे मूल शाळेत येण्याआधीच अचूक करते. म्हणजे मुलाला व्याकरण येते, आणि चांगले येते. फक्त ते दुसऱ्या भाषेचे आहे, आणि वर्गात ते कोणी जमेस धरत नाही.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, त्यासाठी माणसे कुठूनही येतात. मुले सोबत जातात. म्हणजे पहिलीचे वर्ष असे अर्धेमुर्धेच मिळते.

समोरचे पर्याय

कायदा गुरुजींच्या बाजूने होता. संविधानाच्या 350क अनुच्छेदात प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करण्याबद्दल म्हटले आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29मध्ये शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. पण सोमवारी सकाळी वर्गात काय करायचे, हे यातले काहीच सांगत नाही. तेवढे गुरुजींनाच ठरवायचे होते.

पहिला पर्याय होता चालले आहे ते चालू देण्याचा, म्हणजे मराठी पुस्तक आणि अडले तर कोरकूत सांगणे. गावचा प्रत्येक कोरकू शिक्षक हे करतोच. यात मुलाला धडा कळतो, पण वाचता येत नाही, कारण कोरकू फक्त तोंडी राहते आणि कागदावर सगळे मराठीच असते.

दुसरा पर्याय केंद्रप्रमुखांनी सुचवला. मराठी-कोरकू शब्दसंग्रह करा, तक्ता लावा, शिक्षण परिषदेत मांडू. सूचना सद्भावनेची होती आणि कामाचीही, बाहेरच्या शिक्षकांना तर नक्कीच. गुरुजींची शंका एवढीच होती की शब्दांच्या याद्या भिंतीवर राहतात. पाणी, हात, डोळा यांना कोरकूत काय म्हणतात हे मुलाला माहीतच आहे. यादीचा उपयोग शिक्षकाला आहे, मुलाला नाही.

तिसरा पर्याय त्या फळ्यावरच्या चार वाक्यांतून निघाला. मुलांनी सांगायचे, गुरुजींनी लिहायचे, मुलांनी वाचायचे. कोरकूत वाचन पक्के झाले की त्याच गोष्टी मराठीत आणायच्या. लिपी दोन्हींची देवनागरी, म्हणजे अक्षरओळख एकदाच करायची. यात धोका होता तो वेळेचा. पाठ्यपुस्तक मागे पडले तर जाब त्यांनाच द्यावा लागणार होता.

त्यांनी तिसरा धरला आणि दुसराही केला. शब्दतक्ता करून शिक्षण परिषदेत मांडला, त्यामुळे वरची मंडळी खूश झाली आणि वर्गातल्या कामाकडे कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही. काही जण याला तडजोड म्हणतील. मला ते शहाणपण वाटते. सरकारी शाळेत नवे काही टिकवायचे तर कागदावर दाखवण्यासारखे काहीतरी हाताशी ठेवावेच लागते.

कसे लिहायचे हा पहिला वाद

लिहायला बसल्यावर लगेच प्रश्न आला. कोरकूत काही शब्दांच्या शेवटी आवाज घशात अडतो, पूर्ण सुटत नाही. देवनागरीत त्याला तयार खूण नाही. गुरुजींनी आधी विसर्ग वापरून पाहिला. मुले मराठीच्या तासाला विसर्ग 'ह'सारखा म्हणायला शिकत होती आणि कोरकूतही तसाच म्हणायला लागली. मग अवग्रह (ऽ) वापरला, तर मुलांना तो इंग्रजीतले अक्षर वाटला. तालुक्यातल्या शिकलेल्या तरुणांचे म्हणणे होते की भाषेचा मान राखायचा तर प्रत्येक आवाजाला खूण पाहिजेच.

गुरुजींनी शेवटी लहान मुलांच्या पुस्तिकांत ही खूण काढूनच टाकली. त्यांचा युक्तिवाद मला पटला. मराठीत 'चार' आणि 'चाक' यांतला च वेगळा आहे, तरी आपण एकाच अक्षराने लिहितो, आणि मराठी मूल अडत नाही, कारण शब्द त्याच्या कानात आधीच असतो. कोरकू मुलाचेही तसेच आहे. खूण लागते ती कोरकू न येणाऱ्याला. म्हणून पुढे मोठ्यांसाठीच्या कथासंग्रहात त्यांनी खूण वापरली आणि सुरुवातीला ती समजावून सांगितली.

शब्दांवरूनही वाद झाला. धारणीकडचे काही शब्द चिखलदऱ्याकडे वेगळे आहेत आणि तापीपलीकडे आणखी वेगळे. शिवाय शाळा, मोटार, मोबाइल, रेशन हे शब्द तर सगळीकडेच. तरुणांना हे शब्द काढून जुने किंवा नवे घडवलेले कोरकू शब्द हवे होते. गुरुजींनी नियम केला की मुलाने सांगितलेला शब्द बदलायचा नाही. आजीने गोष्टीत मोटार म्हटले तर मोटारच. यामुळे काही जण दुखावले आणि ती नाराजी पुढे पुस्तकाच्या वेळी उपटली. तरीही निर्णय बरोबर होता असे मी मानतो. पहिलीतल्या मुलाच्या हातात त्यालाच न कळणारे शुद्ध कोरकू देणे म्हणजे मराठीच्या धड्याचा प्रकार पुन्हा करणे.

पालकसभा

खरी परीक्षा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत झाली. मुले घरी कोरकू वाचून दाखवायला लागली आणि दोन-तीन घरांत कुजबुज सुरू झाली. सभेत एक बाप उठून म्हणाला, "गुरुजी, कोरकू तं पोराले घरी फुकटात येते. शाळेत मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा. आमी अडलो तसं त्यायनं अडू नये." दवाखान्यात, वनखात्याच्या नाक्यावर, तहसील कार्यालयात मराठी किंवा हिंदी धड न आल्यामुळे काय होते ते या माणसाने भोगले होते. त्याचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते, अनुभवाचे होते.

गुरुजींसमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे मातृभाषेचे महत्त्व समजावून सांगणे. दुसरी म्हणजे त्यांची मागणी मान्य करून तिच्यावरच काम मोजायला सांगणे. त्यांनी दुसरी घेतली. सभेत त्यांनी कबूल केले की दुसरीच्या शेवटी प्रत्येक मूल मराठीतली न पाहिलेली गोष्ट वाचून तिचा अर्थ सांगेल, आणि ते पाहायला पालकांनीच यायचे. मराठीचा तास कमी होणार नाही, कोरकू वाचन सकाळच्या पहिल्या तासाला होईल. हे इतिवृत्तात लिहून घेतले आणि वाचून दाखवले.

मग वर्षअखेरीस पालकांसमोर वाचन झाले. मुलांनी आधी स्वतःची कोरकू गोष्ट वाचली, मग त्या दिवशीच हातात दिलेली मराठी गोष्ट. मराठी गोष्टीवरचे प्रश्न पालकांनी कोरकूत विचारले. सगळी मुले सारखी चमकली नाहीत. स्थलांतराला गेलेली दोघे अडखळलीच. पण बहुतेकांनी अर्थ सांगितला, आणि सभेत उठलेल्या त्या बापाने स्वतःच्या मुलाला तीन-चार प्रश्न विचारले, उलटसुलट, जसा बाजारात माल तपासावा तसे. नंतर तो माणूस समितीचा अध्यक्ष झाला.

यापुढच्या वर्षी गुरुजींनी स्थलांतरित मुलांसाठी पुस्तिकांच्या झेरॉक्स काढून, मधोमध स्टेपल करून, दिवाळीच्या सुट्टीआधी दप्तरात घालून दिल्या. परत आलेल्या मुलांच्या पुस्तिका चुरगळलेल्या, चुलीच्या राखेने माखलेल्या होत्या. म्हणजे त्या उघडल्या गेल्या होत्या.

पुस्तक कोणाचे

वर्गातल्या पुस्तिकांमुळे गुरुजींच्या घरी रात्री माणसे यायला लागली. मोठी माणसे, विशेषतः बायका, आपापल्या गोष्टी सांगू लागल्या. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते उतरवून घेत. यातून कथासंग्रह तयार झाला. मोठ्या शहरातला एक प्रकाशक तयार झाला, पण त्याच्या अटी होत्या: समोरच्या पानावर मराठी पाहिजे, आणि लेखक म्हणून एकच नाव पाहिजे.

मराठीची अट गुरुजींनी मानली. सुरुवातीला त्यांना ती टोचली, पण गावातले जे तरुण कोरकू बोलतात आणि मराठीच वाचतात त्यांना मराठी पानावरून कोरकू पानावर येता येईल हे त्यांच्या लक्षात आले. नावाच्या बाबतीत ते अडले. गोष्टी त्यांच्या नव्हत्या, लिहिणे त्यांचे होते. प्रकाशकाचे म्हणणे असे की लोककथा कोणाच्याच नसतात. हे वाक्य मी अनेक संपादकांकडून ऐकले आहे आणि मला ते कधीच पटलेले नाही. लोककथा कोणा एकाची नसते हे खरे, पण ती सांगणारी बाई तर असते, आणि तिने ती जशी सांगितली तशी दुसऱ्या कोणी सांगितलेली नसते. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर मुखपृष्ठावर संकलन व लेखन म्हणून गुरुजींचे नाव आले आणि प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचे, ज्यांना चालले त्यांचे. एका आजीने नाव नको, फक्त गाव लिहा म्हणून सांगितले, तर तसे केले. मानधनाचा भाग त्यांनी सांगणाऱ्यांत वाटला आणि ते कागदावर ठेवले.

सर्वांत कठीण प्रसंग मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायची पाने, आल्यावर आला. संग्रहाच्या शेवटी मृत्यूनंतरच्या विधीत गायचे एक गाणे होते. ते ज्यांनी सांगितले त्यांची परवानगी होती. गुरुजींनी मुद्रिते गावात दाखवली तेव्हा भुमका म्हणाला, हे गाणे त्या वेळेलाच म्हणतात. छापले तर कोणीही कधीही वाचेल, शाळेत मुले मोठ्याने म्हणतील. भुमका म्हणजे गावाचा पुजारी, मुठवा देवाची पूजा त्याच्याकडे.

हा निर्णय सोपा नव्हता. गाणे सुंदर होते, म्हणणारी माणसे कमी होत चालली होती, आणि ते लिहून ठेवले नाही तर जाईल ही भीती खरी होती. प्रकाशकाला फर्मा मोडलेला नको होता, कारण छपाईची पाने सोळाच्या हिशेबात लावून झाली होती. आमच्यातले काही जण म्हणाले, सांगणाऱ्याने परवानगी दिली आहे, मग हरकत घेणारा भुमका कोण? गुरुजींनी दोन दिवस घेतले. गाणे सांगणाऱ्याला आणि भुमक्याला एकत्र बसवले, आणि त्या बैठकीत सांगणाराच म्हणाला की आपण गुरुजींसाठी म्हटले होते, पुस्तकासाठी की वहीसाठी हे आपल्याला नीट कळले नव्हते. गाणे काढले. ध्वनिमुद्रण आणि हाताने लिहिलेली प्रत गावातच, सांगणाऱ्याच्या घरी ठेवली. रिकाम्या पानांवर मुलांनी काढलेली चित्रे गेली.

गाणे निघाल्यावर संग्रह अपुरा वाटतो, असे एका परीक्षणात म्हटले गेले. ते बरोबरही असेल. पण गावाने तो संग्रह आपला मानला, आणि होळीच्या दिवसांत फगवा मागत फिरताना पोरांनी त्यातल्या एका गोष्टीची नक्कल केली, हे मी स्वतः पाहिले आहे. गाणे ठेवले असते तर ते पुस्तक त्या घरांत शिरलेच नसते.

बदली

मेळघाटातल्या शाळा अवघड क्षेत्रात धरल्या जातात आणि तिथे ठरावीक वर्षे काढलेल्या शिक्षकाला सोयीच्या जागी बदली मागण्याचा हक्क मिळतो. गुरुजींनी तो हक्क काही वर्षे वापरला नाही. पण मुलगी दहावी झाली, तिला विज्ञानाला घालायचे होते, घरात आजारपण आले. त्यांनी फॉर्म भरला आणि बदली झाली. आदिवासी शिक्षकाने जन्मभर डोंगरातच राहावे, त्याच्या मुलांनी मात्र जमेल तसे शिकावे, अशी अपेक्षा बाहेरून करणे मला अन्यायाचे वाटते. ते गेले हे त्यांनी योग्यच केले.

त्यांच्या जागी दुसऱ्या जिल्ह्यातून शिक्षिका आल्या. मनापासून काम करणाऱ्या, पण कोरकूचा एक शब्द येत नव्हता. पुस्तिका कपाटात होत्या. त्यांनी त्या पाहिल्या, देवनागरीत असल्याने वाचताही आल्या, पण वर्गात मुलांनी काय बोलायचे आणि आपण काय करायचे हे त्यांना कुठेच लिहिलेले सापडले नाही. गुरुजींची पद्धत गुरुजींच्या अंगात होती. काही महिन्यांत सकाळचा कोरकूचा तास बंद पडला.

परिणाम

मूळ शाळेत काम थांबले, हे आधी सांगायला हवे, कारण अशा प्रकरणांत ते शेवटी छोट्या अक्षरांत येते. पण ते दोन ठिकाणी टिकले, आणि दोन्ही ठिकाणे गुरुजींनी ठरवलेली नव्हती.

एक म्हणजे गावची अंगणवाडी. सेविका स्वतः कोरकू, तिची मुलगी गुरुजींच्या पहिल्या तुकडीत होती. मुलांनी सांगायचे आणि आपण लिहायचे हे तिने मुलीच्या पुस्तिका पाहून उचलले. तिथे अजून रोज एक वाक्य लिहिले जाते. दुसरे म्हणजे शेजारच्या केंद्रातल्या शाळा. तिथल्या कोरकू शिक्षकांनी पुस्तिकांच्या झेरॉक्स नेल्या होत्या आणि त्यांच्या जोडीला स्वतःच्या गावच्या गोष्टी घालून नव्या केल्या. त्यांचे लेखन गुरुजींपेक्षा कच्चे आहे, जोडाक्षरे चुकतात, खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या. तरी ते चालू आहे.

पहिल्या तुकडीतली मुले आता मोठी झाली. त्यांतले काही मोबाइलवर एकमेकांना कोरकूत लिहितात, देवनागरीतून, आपल्या मनाने. कथासंग्रहाच्या प्रती सर्वांत जास्त त्यांनीच घेतल्या, असे गुरुजी सांगतात.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते तीन ठिकाणी वाट बदलता आली असती, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

गाण्याच्या बाबतीत संमती मुद्रणाआधी नाही, ध्वनिमुद्रणाआधीच घ्यायला हवी होती, आणि दोन वेगळे प्रश्न विचारून: उतरवून ठेवू का, आणि छापू का. विधीतले काही असेल तर सांगणाऱ्याबरोबर गावाच्या जाणत्यालाही विचारावे लागते. पुढच्या कामात गुरुजींनी हे केले आणि अडचण आली नाही.

खुणांच्या वादात तरुणांना लवकर सोबत घ्यायला हवे होते. मुलांच्या पुस्तिकेत खूण नको, मोठ्यांच्या पुस्तकात हवी, ही तोड सुरुवातीलाच मांडली असती तर नाराजी वर्षानुवर्षे राहिली नसती. हे लहान प्रकरण वाटते, पण छोट्या भाषेत लिहिणारे मोजके असतात आणि त्यांतले चार रुसले की कामाचा अर्धा हात जातो.

सर्वांत जड गोष्ट बदलीची. गुरुजी जाणार हे कधी ना कधी ठरलेलेच होते. पद्धत लिहून ठेवायला हवी होती, आणि ती मराठीत, कोरकू न येणाऱ्या शिक्षकासाठी: सकाळी मुलाला बोलते कसे करायचे, कोरकू येत नसेल तर फळ्यावर लिहायला गावातले कोण बसवायचे, किती दिवसांनी मराठीकडे वळायचे, 'आई आला' म्हटल्यावर न हसता काय करायचे. पालकसभेतले वचन इतिवृत्तात होते, पण त्यात सकाळचा तास हा गुरुजींच्या नावाने होता, शाळेच्या नावाने नव्हता. समितीने तो शाळेचा म्हणून ठरावात घेतला असता, तर नव्या शिक्षिकेला विचारायला निदान कोणीतरी बांधील असते.

हे गुरुजींवर ढकलणेही बरोबर नाही. वर्गात शिकवणे, गोष्टी उतरवणे, मुद्रिते तपासणे, पालकांना समजावणे, पोषण आहाराचा हिशेब आणि यू-डायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरणे हे सगळे करणाऱ्या माणसाने वर हस्तपुस्तिकाही लिहावी, ही अपेक्षा व्यवस्थेची असायला हवी आणि तिला वेळ व माणूसही व्यवस्थेने द्यायला हवा.

सध्या गुरुजी नव्या शाळेतून, सुट्टीच्या दिवशी, तीच हस्तपुस्तिका लिहीत आहेत. मूळ गावची शाळा व्यवस्थापन समिती बारावी झालेल्या एका कोरकू तरुणीला सकाळच्या तासासाठी नेमायला तयार आहे, आणि बाहेरगावच्या शिक्षिकेलाही ती हवी आहे. तिचे मानधन कोणत्या लेखाशीर्षाखाली द्यायचे याचा अर्ज तालुक्याला गेला आहे, आणि उत्तर आलेले नाही. तोवर समितीचे अध्यक्ष, म्हणजे सभेत मराठी-इंग्रजी मागणारा तो बाप, वर्गणी काढून तिला महिन्याचे पैसे देतो.